राइडिंग शिकताना एकच घोडा बरा की दर वेळी वेगळा?

पाऊलवाट
नमस्कार. काही महिन्यांपासून राइडिंग शिकते आहे. लहानपणापासूनची हौस, पण शिक्षण, नोकरी, संसार यांत राहून गेली होती. आता सवड काढली आहे आणि आठवड्यातला तो एक तास मला बाकीच्या सगळ्या दिवसांना पुरतो.

सुरुवातीपासून मला शेवंता नावाची एकच घोडी मिळत होती. तांबूस रंग, कपाळावर पांढरा चांद, वयानं पोक्त. तिच्यावरच मी नीट बसायला शिकले, ट्रॉटला, म्हणजे दुडक्या चालीला, उठबस करायला शिकले. तिच्या चालीचा ठेका आता कुठं अंगात मुरायला लागला, तर प्रशिक्षकांनी घोडे बदलायला सुरुवात केली. एकदा वादळ दिला. उंच, काळा, पाय नुसता पोटाजवळ नेला तरी निघतो. मग भोला. तो निघतच नाही, सांगून सांगून माझ्याच पोटऱ्या भरून येतात. आणि मग राणी. ही बसल्यावर अतिशय गोड, पण खरारा करताना आणि तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे पाडते, दात दाखवते.

माझं मत असं की राइडिंग म्हणजे दोन जीवांनी एकमेकांना ओळखणं. दर वेळी नवा घोडा दिला तर ओळख व्हायची कधी? निदान कँटर (ट्रॉटच्या पुढची, वेगाची चाल) येईपर्यंत एकच घोडा मागून घ्यावा असं वाटतं. तुमचा काय अनुभव? आणि घोडा बदलणारच असेल, तर थोड्या वेळात नव्या घोड्याची ओळख करून घ्यायची कशी?

टाचणी
वाचतेय. लेकीला घालायचं चाललंय, त्यामुळे सगळे प्रतिसाद हवे आहेत.

खोगीरभरती
पाऊलवाट, तुमची शेवंताबद्दलची माया समजते, पण मी प्रशिक्षकांच्या बाजूचा. बरीच वर्षं घोड्यांवर बसतोय आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं ते घोडे बदलण्यानं.

कारण सांगतो. शाळेतली पोक्त घोडी स्वाराला सांभाळून घेते. तुम्ही एका बाजूला कललात तर ती त्या वजनाखाली सरकून तुम्हाला परत मध्ये आणते. तुम्ही सांगायला उशीर केलात तरी तिला पुढचं ठाऊक असतं, कारण रोजचा तास तसाच असतो. प्रशिक्षक 'ट्रॉट' म्हणाले की ती निघते, आणि आपल्याला वाटतं आपण सांगितलं म्हणून निघाली. वादळसारख्या घोड्यावर हे चालत नाही. सरळ जाताना तो सारखा डावीकडे ओढला गेला, तर तुमचं वजन डाव्या रिकिबीत जास्त पडतंय का ते बघा. शेवंताही तेच सोसत असणार, फक्त ती बोलत नव्हती.

भोला सांगतो की तुमचे पाय अर्धवट बोलतायत. वादळ सांगतो की हात घट्ट आहेत. हे एका घोड्याकडून कळत नाही.

उनाडमैना
खोगीरभरती, तुमचं म्हणणं मांड बसलेल्या माणसाला लागू आहे. नवशिक्याला नाही.

मांड म्हणजे कमरेपासून खाली घोड्याबरोबर हलणं आणि कमरेपासून वर शांत राहणं. ती बसेपर्यंत माणूस तोल सावरायला नकळत लगाम धरतो, आणि लगामाचं दुसरं टोक घोड्याच्या तोंडात असतं. अशा वेळी तापट घोडा दिला की त्याच्या तोंडाला ओढ बसते, तो मान वर टाकतो, स्वार आणखी घट्ट धरतो. दोघंही बिघडतात.

व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये सोळाव्या शतकापासूनची परंपरा आहे. तिथं नव्या मुलांना दीर्घकाळ लंजवर, म्हणजे प्रशिक्षकानं धरलेल्या लांब दोरीवर, ठेवतात. रिकीब नाही, लगाम नाही. घोडा गोल फिरतो, त्याला प्रशिक्षक सांभाळतो, आणि मुलगा नुसता बसायला शिकतो. तोही जुन्या, शिकलेल्या घोड्यावर. मुरलेला घोडा नव्या स्वाराला शिकवणार आणि मुरलेला स्वार नव्या घोड्याला, हा तिथला नियम. नवा स्वार आणि अवघड घोडा अशी जोडी कुणी लावत नाही.

पाऊलवाट, तुम्ही लंजचा तास मागा. तोही शेवंतावर.

खोगीरभरती
@उनाडमैना, लंजबद्दल शंभर टक्के मान्य. पण पाऊलवाट ट्रॉटला उठबस करतायत म्हणजे अगदी पहिल्या पायरीवर नाहीत. आणि वादळ तापट आहे असं त्यांनी कुठं म्हटलंय? तो पायाला हलका आहे. हलका घोडा आणि तापट घोडा यांत फरक आहे.

उनाडमैना
हा मुद्दा बरोबर. पण नवशिक्याच्या पायाखाली हलक्याचा तापट व्हायला वेळ लागत नाही, एवढंच.

चारा_पाणी
मी स्वार म्हणून सामान्य आहे, पण पेशानं जनावरांचा डॉक्टर. मला राणीबद्दल बोलायचंय, कारण ती या धाग्यात मागे पडेल अशी भीती वाटते.

तंग आवळताना कान मागे, दात बाहेर. याला पुष्कळ जण 'स्वभाव' म्हणून सोडून देतात. तसं करू नका. खोगीर पाठीला नीट बसत नसेल, तंगाखाली कातडं सोललेलं असेल, किंवा पोटात व्रण असतील, तर घोडा असाच वागतो. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं असो वा नसो, कारण त्याची रचनाच दिवसभर थोडं थोडं चरण्यासाठी झालेली आहे. चारा बराच वेळ मिळाला नाही की ते आम्ल रिकाम्या पोटाला खातं. त्यात तंग एकदम करकचून आवळला की घोडा पुढच्या वेळी तंग दिसला तरी चावायला येणारच.

तुम्ही करू शकाल अशा गोष्टी: तंग एका दमात न आवळता थोडा आवळा, घोड्याला दोन पावलं चालवा, मग आणखी थोडा, आणि बसल्यावर पुन्हा एकदा तपासा. खरारा करताना कुठं हात लागला की ती कातडी थरथरवते ते नीट बघा आणि तिथल्या माणसांना तेवढीच जागा दाखवून सांगा. 'राणी चिडकी आहे' असं सांगितलंत तर कुणी लक्ष देणार नाही. 'डाव्या कोपराच्या मागे हात लावला की ती दचकते' असं सांगितलंत तर बघायला येतील.

पाऊलवाट
@चारा_पाणी, मनापासून आभार. तिच्याबद्दल असा विचार मला कुणी करायला लावला नव्हता. पुढच्या वेळी आधी तिच्याकडेच जाते.

दुडकीचाल
राणीनं एका प्रतिसादात अख्ख्या धाग्याचा लगाम हातात घेतला! 😄

सांजसावली
नव्या घोड्याची ओळख कशी करायची, या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, म्हणून लिहिते.

मी तासाच्या आधी लवकर जाते आणि खरारा स्वतः करते. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार मामा म्हणतात, "राहू द्या, मी करतो", पण मी सोडत नाही. घोड्याशी ओळख जमिनीवरच होते. पाठीवर बसलं की आपण त्याला दिसेनासे होतो, खाली उभं असताना तो आपल्याला पुरता बघून घेतो.

त्याच्याकडे जाताना खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जाते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांत दिसतं. फक्त शेपटीच्या थेट मागे आणि कपाळाच्या अगदी समोर, नाकाखाली, त्याला दिसत नाही. म्हणून समोरून येऊन एकदम कपाळावर हात ठेवला की काही घोडे मान झटकतात. तो उर्मटपणा नसतो, तो हात त्यांना आलेला दिसलेलाच नसतो. आधी उलटा हात पुढे करून हुंगू देते. मग मान जिथं पाठीला मिळते तिथं, आयाळ संपते त्या जागी, बोटांनी खाजवते. घोडे एकमेकांना नेमके तिथंच दातांनी खाजवतात, आणि तिथं खाजवल्यानं घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात हे मोजून पाहिलेलं आहे. जोरजोरात थोपटण्यापेक्षा हे त्यांना फार आवडतं. ओठ लांब करून मान वाकडी करायला लागला की समजायचं, जागा सापडली.

मग कान बघते. एक कान माझ्याकडे वळला की तो ऐकतोय. दोन्ही कान दूर कशावर तरी खिळलेत तर मी तिथं नाही. हीच भाषा पाठीवर बसल्यावरही उपयोगी पडते, कारण वरून दिसतात ते कानच.

रानपाखरू
सांजसावली, फार सुंदर. भर घालते. बसल्यावर लगेच ट्रॉट मागू नका. नव्या घोड्यावर मी वॉकमध्येच (साध्या चालीत) थांबवून, वळवून, पुन्हा चालवून बघते. किती हलक्या सांगण्याला तो उत्तर देतो हे पहिल्या दोन फेऱ्यांत कळतं. सगळ्यात हलक्यापासून सुरुवात करायची, कारण कमी सांगितलं तर वाढवता येतं, आणि जास्त सांगून झालेलं परत घेता येत नाही.

बखरवाला
अवांतर, पण विषयाला धरून. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणितं सोडवायचा. विल्हेल्म फॉन ऑस्टन हे त्याचे मालक. बेरीज विचारली की हान्स टापा मारून उत्तर द्यायचा. लोकांना वाटलं काहीतरी लबाडी असणार, पण मालक पूर्ण प्रामाणिक होते. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकानं ते कोडं उलगडलं. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसलं की हान्स चुकायचा. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं आणि चेहरा अगदी किंचित हलायचा, त्याच्याही नकळत, आणि तेवढं बघून हान्स थांबायचा. फुंग्स्टला हे माहीत झाल्यावरही स्वतःची ती हालचाल रोखणं कठीण गेलं.

लोक या गोष्टीतून 'घोड्याला गणित येत नव्हतं' एवढंच घेतात. मला उलट वाटतं. माणसांनी भरलेल्या चौकात कुणालाही न दिसलेली गोष्ट त्या एका घोड्याला दिसत होती. असा प्राणी आपल्या पाठीवर बसलेल्या माणसाचं काय काय वाचत असेल!

दुडकीचाल
म्हणजे भोलालाही सगळं कळतं. फक्त टापा मोजायचे कष्ट घेत नाही.

निळीशाई
@बखरवाला, याला जोडूनच. स्वीडनमध्ये २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसं घोड्याला घेऊन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायची, कधी चालवत, कधी बसून. चौथ्या फेरीच्या आधी त्यांना सांगितलं की या वेळी वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

टाचणी
हे वाचून जरा घाबरायला झालं. मुलीला भीती वाटली तर घोडाही घाबरणार? मग भीती लपवायला शिकवायचं का?

सांजसावली
लपवता येत नाही, आणि लपवायचीही गरज नाही, टाचणीताई. भीती वाटली की आपण श्वास धरतो, मांड्या आवळतो, पुढे वाकतो. पळून जाण्यासाठी घोडा जसं अंग आवळतो, अगदी तसंच. त्यामुळे त्याला वाटतं, खरंच काहीतरी आहे. यातला श्वास आपल्या हातात असतो. मुलीला गाणं म्हणायला सांगा. गाणाऱ्याला श्वास धरता येत नाही. आमच्याकडे लहान मुलं बडबडगीतं म्हणत ट्रॉट करतात आणि घोडे खाली मान घालून निवांत चालतात.

रानपाखरू
गाण्याला अनुमोदन! ट्रॉटला दोन ठेक्यांची गाणी, कँटरला तीन ठेक्यांची. पाय तसेच पडतात. ट्रॉटमध्ये तिरप्या कोपऱ्यांतले पाय, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा असे, जोडीनं पडतात म्हणून दोन ठेके, कँटरमध्ये तीन, वॉकमध्ये चार.

खोगीरभरती
भोलाबद्दल राहिलं होतं. पाऊलवाट, तुम्ही लिहिलंय की सांगून सांगून पोटऱ्या भरून येतात. त्यातच उत्तर आहे. पाय प्रत्येक पावलाला पोटावर आपटत राहिला तर घोड्याच्या लेखी तो आवाज होऊन जातो, त्याला अर्थ उरत नाही. भोलाच्या पोटावर आजवर किती नवशिक्यांचे पाय वाजले असतील! तो आळशी नाही, त्याला ऐकू न येण्याची सवय लावली गेली आहे.

एकदा हलका पाय लावा. उत्तर नाही आलं तर लगेच एकदा स्पष्ट, ठाम सांगा. आणि तो निघाला त्या क्षणी पाय पूर्ण शांत. हे शांत होणं सगळ्यात महत्त्वाचं. घोडा दाबानं शिकत नाही, दाब ज्या क्षणी जातो त्या क्षणी शिकतो. तो चालत असतानाही पाय बडवत राहिलात, तर निघून त्याला काय मिळालं? दोन-तीन वेळा नीट केलंत तर त्याच तासात फरक दिसेल.

उनाडमैना
हे अगदी पटलं. आणि वादळला नेमकं उलटं, असं लोक समजतात. पाय लावलाच नाही की झालं! पण पाय दूर धरून बसलं की कधी चुकून लागला तर तो उसळतो. पाय त्याच्या अंगाला सतत हलका टेकलेला असू द्या, मग त्याला तो परका वाटत नाही. वेग वाढला तर लगाम सलग ओढू नका. ओढत राहिलात तर तो तुमच्या हातावर रेलून पळेल, आणि त्या रस्सीखेचीत चार-पाचशे किलोचा प्राणीच जिंकतो. श्वास सोडा, खोगिरात खोल बसा, बोटं मिटा, उघडा, पुन्हा मिटा. आणि मोठ्या गोलावर घ्या. गोलात घोडा आपोआप हळू होतो.

पंचकल्याणी
नव्या घोड्याशी पटकन जुळवून घेण्याचा विषय निघालाय म्हणून सांगतो. मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत नेमकं हेच असायचं. खेळाडूला चिठ्ठी टाकून अनोळखी घोडा द्यायचे, ओळखीला वीस मिनिटं, आणि मग अडथळ्यांवरून उड्या. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आघाडीवर असलेल्या जर्मन खेळाडूच्या वाट्याला सेंट बॉय नावाचा घोडा आला. आधीच्या स्वाराबरोबरच तो अडून बसला होता. ती रडत होती, तो हलत नव्हता, आणि तिच्या प्रशिक्षिकेनं त्याला बुक्की मारली. सगळ्या जगानं ते पाहिलं. पॅरिस २०२४ नंतर त्या खेळातून घोडेस्वारी काढून टाकली.

मला तेव्हा घोड्याचं फार वाईट वाटलं. आधीच बिथरलेल्या जिवाकडून वीस मिनिटांत विश्वास मागायचा, हे मुळातच चूक होतं. त्यामुळे पाऊलवाट यांचा प्रश्न फार मोलाचा वाटतो.

कोरापाटी
थोडं कडू बोलतो. ही 'ओळख', 'नातं', 'विश्वास' भाषा मला जास्त वाटते. घोडा शिकवलेला असेल आणि स्वार स्पष्ट सांगत असेल तर दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा बघितलं तरी काम होतं. शाळेतल्या घोड्यावर दिवसाला वेगवेगळी माणसं बसतात. त्याला तुम्ही कोण हे आठवत असेल असं समजणं हा आपला भाबडेपणा आहे.

निळीशाई
@कोरापाटी, स्पष्ट सांगण्याबद्दल सहमत, आठवणीबद्दल नाही. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांना एका माणसाचा फक्त फोटो दाखवला, काहींना रागावलेल्या चेहऱ्याचा, काहींना हसऱ्या. काही तासांनी तोच माणूस साध्या चेहऱ्यानं समोर आला. कुठल्या घोड्यानं कोणता फोटो पाहिलाय हे त्या माणसाला माहीत नव्हतं. रागीट फोटो पाहिलेले घोडे त्याच्याशी जास्त सावधपणे वागले. हे २०१८ साली छापून आलं आहे. एका फोटोवरून इतकं लक्षात राहत असेल, तर दर आठवड्याला खरारा करणारी पाऊलवाट शेवंताला नक्की आठवते.

कोरापाटी
हे माहीत नव्हतं. ठीक, माझं मत बदलायला तयार आहे. पण प्रेमाच्या नावाखाली अस्पष्ट सांगणं घोड्याला जास्त त्रासदायक असतं, हे मात्र धरून ठेवतो.

सांजसावली
त्यावर तुमच्याशी भांडण नाहीच.

उतारवय
तुमच्या सगळ्यांपेक्षा वयानं मोठा असेन. गुडघा साथ देत नाही, उजव्या पायात जोर कमी. शिकायची इच्छा मात्र फार आहे. कुणी घेईल का मला? आणि वजनाचं काय?

पंचकल्याणी
काका, जरूर शिका. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखाली पायांत ताकद उरली नाही. घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना दुसऱ्यांची मदत लागायची. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमकेपणानं करून घेण्याचा) प्रकारात पहिल्यांदाच स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनं उतरता आलं, आणि ज्युबिली या घोडीवर बसून लिस हार्टेल यांनी रौप्यपदक मिळवलं. १९५६ ला पुन्हा रौप्य. टाचेनं सांगता येत नसेल तर पाठीच्या आणि वजनाच्या बारीक हालचालीनं सांगता येतं, घोड्याला ते शिकवता येतं.

चारा_पाणी
काका, वजनाबद्दल: स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण वीस टक्क्यांच्या आत असावं, हा सर्रास पाळला जाणारा हिशेब आहे. म्हणजे पाचशे किलोच्या घोड्यावर सगळं मिळून शंभर. म्हातारा किंवा पाठ दुखणारा घोडा असेल तर त्याहून बरंच कमी. डॉक्टरांना गुडघा दाखवून घ्या, आणि चढताना चौथरा किंवा पायऱ्यांचं स्टूल मागा. त्यात कमीपणा काही नाही. जमिनीवरून रिकिबीत पाय घालून चढलं की सगळा भार एका बाजूनं घोड्याच्या पाठीवर येतो. चौथरा तुमच्या गुडघ्याला बरा आणि त्याच्या कण्यालाही.

उतारवय
फार उभारी आली. चौकशी करून कळवतो.

टाचणी
मुलीसाठी पोनी बरा ना? लहान, म्हणजे सोपा?

रानपाखरू
उंचीनं लहान, पण डोक्यानं नाही! काही पोनी अतिशय चतुर असतात. मुलीला कुठला पोनी देतात त्यापेक्षा तो पोनी मुलांना सरावलेला आहे का ते विचारा. हेल्मेट मापाचं हवं, डोक्यावर हलता कामा नये, आणि ते घालून पडली तर बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलायचं. बुटाला थोडी टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही.

पाऊलवाट
मधे काही दिवस येता आलं नाही. एवढे प्रतिसाद! सगळे दोनदा वाचले.

राणीच्या तंगाच्या जागेबद्दल तिथं सांगितलं. मोतद्दार मामांनी स्वतः हात लावून पाहिलं आणि तिला सध्या शाळेच्या तासाला घेत नाहीयेत, डॉक्टर बघणार आहेत. चारा_पाणी, हे तुमच्यामुळे झालं.

भोलावर खोगीरभरतींनी सांगितलं तसं केलं. एकदा हलकं, एकदा ठाम, मग पाय शांत. तो निघाला! मला इतका आनंद झाला की मी त्याच्या मानेला मिठी मारली. वादळशी अजून जमायचंय.

प्रशिक्षकांशीही मोकळेपणानं बोलले. ते म्हणाले, "नवी गोष्ट शेवंतावर शिकू, आणि आलेली गोष्ट बाकीच्या घोड्यांवर करून बघू." हे मला फार पटलं. उनाडमैना आणि खोगीरभरती, तुम्ही दोघंही बरोबर निघालात. 'एकच घोडा हवा' हा हट्ट मी सोडला आहे, पण ओळखीला वेळ हवा हे मी सोडणार नाही. म्हणून प्रत्येक घोड्याचा खरारा मीच करणार असं सांगून आले.

खोगीरभरती
तुमच्या प्रशिक्षकांना नमस्कार सांगा. असं समोर बसून समजावणारे कमी.

सांजसावली
एक सुचवते: वही ठेवा. प्रत्येक घोड्याचं एक पान. कुठं खाजवलेलं आवडतं, कशाला बुजतो, कुठल्या बाजूला वळायला जड जातो. माणसासारखीच घोड्यांचीही एक बाजू जास्त चालते. माझ्या वहीत एका घोड्याच्या पानावर 'निळ्या पिंपाला बुजतो, तांबड्याला नाही' असं आहे. पुढे कळलं की घोड्यांना निळा-पिवळा चांगला कळतो, तांबडा आणि हिरवा त्यांना वेगळा करता येत नाही. हिरवळीवरचं तांबडं पिंप त्याला बहुधा उठूनच दिसत नसावं.

दुडकीचाल
वहीला अनुमोदन. फक्त ती वही खिशाबाहेर ठेवू नका. कागद खाणारे घोडे मी पाहिलेत.

पाऊलवाट
वही आजच आणते! आता एक शेवटची शंका. पुढच्या वेळी शेवंतावर पहिला कँटर आहे. ती पोक्त आहे, तिला त्रास तर नाही ना होणार?

उनाडमैना
कोपऱ्यातून मागा. वळणावर घोड्याचं अंग आतल्या बाजूला वाकलेलं असतं, त्यामुळे योग्य पायावर, म्हणजे आतला पुढचा पाय पुढे टाकत, कँटर लागणं त्याला सोपं जातं. ट्रॉट पळवत पळवत कँटरमध्ये ढकलू नका, शांत ट्रॉटमधून मागा. आणि एक हात खोगिराच्या पुढच्या पट्ट्याला धरलात तर उत्तमच. शेवंताच्या तोंडाला धक्का बसणार नाही.

चारा_पाणी
वय जास्त असणं हे स्वतःत कारण नाही. ती लंगडत नसेल आणि तिथले डॉक्टर हो म्हणत असतील तर करू द्या. आधी निदान दहा मिनिटं मोकळ्या लगामानं वॉक, मग ट्रॉट, म्हणजे सांधे मोकळे होतील. कँटर लांबलचक नको, मैदानाची एक बाजू पुरे, मग वॉक, मग दुसऱ्या बाजूनं तेवढाच. उतरल्यावर चारही पायांवरून हात फिरवून बघा, कुठं गरम किंवा सुजलेलं लागलं तर त्याच दिवशी सांगा.